चारित्र्य, चरित्र आणि वऱ्हाडातले नेतृत्व

'चरित्र' आणि 'चारित्र्य' हे दोन्ही शब्द 'चर्' या एकाच धातूचे. चालणे, वागणे हा त्याचा अर्थ. माणूस कसा वागला याची हकिकत म्हणजे चरित्र आणि त्या वागण्यातून दिसणारा त्याचा पिंड म्हणजे चारित्र्य. व्यवहारात मात्र दुसऱ्या शब्दाचे फार हाल झाले. नोकरी लागली की पोलीस ठाण्यातून आणायचा तो चारित्र्याचा दाखला. बाईच्या संदर्भात हा शब्द आला की पाठोपाठ 'संशय' येतो. पुढाऱ्याच्या संदर्भात आला की आधी 'निष्कलंक' हे विशेषण लागते. तिन्ही ठिकाणी अर्थ एकच उरतो : डाग नसणे. माणसाने काय केले याचा हा हिशेब नाही, काय केल्याचे सापडले नाही याचा आहे.

गेली काही वर्षे मी अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांतल्या लोकनेत्यांवरचे लेखन वाचतो आहे. छापील चरित्रे त्यात आहेत, पण त्याहून जास्त आहेत त्या स्मरणिका, गौरवग्रंथ, जयंती-पुण्यतिथीचे विशेषांक आणि शाळांच्या वार्षिकांतले लेख. या साऱ्या लेखनात नेत्याच्या व्यक्तिगत चारित्र्याला मोठे स्थान आहे. किंबहुना त्याचे नेतृत्व खरे का ठरले, या प्रश्नाला तिथे एकच उत्तर मिळते : माणूस चारित्र्यवान होता म्हणून. हे उत्तर मला खोटे वाटत नाही, अपुरे वाटते. चारित्र्य नेतृत्वात नेमके काय काम करते, हे त्यातून कळत नाही. ते कळावे म्हणून संत गाडगेबाबा, राष्ट्रसंत तुकडोजी महाराज आणि डॉ. पंजाबराव देशमुख या तीन माणसांविषयीचे आणि एका बाबतीत स्वतः त्या माणसाने केलेले लेखन मी येथे तपासणार आहे. तिघेही अमरावती जिल्ह्यात जन्मले आणि तिघांच्याही कामाचा पसारा वऱ्हाडाबाहेर गेला.

१

गाडगेबाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, शेंडगावचा. डेबूजी झिंगराजी जानोरकर हे त्यांचे नाव, जात परिटाची. वडील दारूच्या व्यसनात गेले आणि डेबूजी आईबरोबर मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाकडे वाढले. १९०५ मध्ये त्यांनी घर सोडले. त्यांच्या चरित्रकारांत दोन नावे ठळक आहेत. प्रबोधनकार ठाकरे यांचे 'श्री संत गाडगेबाबा' बाबांच्या हयातीतच, १९५२ मध्ये आले. गो. नी. दांडेकर तर परतवाड्याचेच. पोरवयात घर सोडून भटकत असताना ते बाबांच्या सहवासात राहिले होते आणि पुढे त्यांनी बाबांवर लिहिले. दोघांची प्रकृती निराळी. भटभिक्षुकशाहीवर हयातभर आसूड ओढणाऱ्या प्रबोधनकारांना बाबांमध्ये आपल्या लढ्याचा गडी दिसला. गोनीदांना माय दिसली. तरीही या दोन लेखकांनंतर बाबांवर जे शेकडो लेख झाले, त्यांत एक प्रसंग हटकून येतो आणि तो बहुधा शेवटाकडे येतो.

तो प्रसंग असा. १९२३ साली बाबांचा एकुलता मुलगा गोविंद कुत्रा चावून वारला. बातमी कळली तेव्हा बाबा कोकणात खारेपाटणला कीर्तन करत होते. त्यांनी कीर्तन थांबवले नाही.

वाचताना अंगावर काटा येतो, हे खरे. पण समीक्षकाने एक प्रश्न विचारायला हवा : या प्रसंगाचे वाचकावर काय होते? माझ्या मते तो वाचकाला मोकळा करतो. पोराच्या मरणाची बातमी ऐकून कीर्तन चालू ठेवणे तुमच्या-माझ्या आवाक्यातले नाही. म्हणून आपण हात जोडतो आणि हात जोडले की आपली जबाबदारी संपते. चारित्र्य हे विरळा माणसाचे लेणे ठरते आणि गावच्या सरपंचाला, संस्थेच्या सचिवाला, पतपेढीच्या अध्यक्षाला त्याच्याशी काही देणेघेणे उरत नाही.

याच चरित्रांत दुसरा एक प्रसंग आहे. तो सुरुवातीला येतो आणि बहुतेक लेखांत दोन ओळींत उरकला जातो. दापुऱ्याला पहिल्या मुलीचे बारसे होते. जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण आणि दारूची पंगत द्यायला हवी होती. डेबूजींनी गोडाचे जेवण दिले. तेव्हा ते बाबा नव्हते. अंगावर चिंध्या नव्हत्या, हातात गाडगे नव्हते. मामाच्या शेतात राबणारा एक तरुण बाप होता, जातभाई रागावणार हे त्याला ठाऊक होते आणि आपला बाप कशाने गेला हेही ठाऊक होते. हा प्रसंग वाचून कोणी रडत नाही. पण तो आपल्याला सोडतही नाही, कारण तो आपल्याला जमण्यासारखा आहे. बारसे, लग्न, तेरवी आपल्याही घरी होते. चार लोकांत मान खाली जाईल या भीतीने कर्ज काढून पंगती आपणही घालतो. नेतृत्वाचा पाया शोधायचा तर मी दापुऱ्याच्या बारशाला खारेपाटणच्या कीर्तनाहून वरचे स्थान देईन. खारेपाटणचा प्रसंग बाबा किती मोठे होते ते सांगतो. बारशाचा प्रसंग ते मोठे कसे झाले ते सांगतो.

मामाचे शेत पुढे सावकाराच्या कर्जात गेले. अक्षर न येणाऱ्या कुळाला कागदाने कसे नागवले जाते, ते डेबूजींनी घरात पाहिले. घर सोडल्यावर त्यांच्या पहिल्या मोठ्या कामांपैकी एक झाले ते पूर्णेच्या काठी ऋणमोचनला. पौषातल्या रविवारी तिथे जत्रा भरते. चिखलातून नदीवर जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी त्यांनी घाटाचे काम अंगावर घेतले. गावाचे नावच ऋण फेडण्याचे आणि काम करणारा माणूस कर्जाने शेत गेलेल्या घरातला. पुढे हयातभर कीर्तनात ते ऋण काढून सण करू नका म्हणून सांगत राहिले. त्या सांगण्यामागे दापुऱ्याचे शेत होते.

२

बाबांच्या चारित्र्याची दुसरी बाजू चरित्रकारांनी सांगितली आहे, पण तिचा अर्थ पुरता लावलेला नाही. ती बाजू पैशाची. कीर्तनातून आणि लोकांच्या देणग्यांतून त्यांच्या हातून जे उभे राहिले ते लहान नव्हते : पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथील धर्मशाळा, अन्नछत्रे, गोरक्षणे, वसतिगृहे, शाळा. या माणसाला लिहिता-वाचता येत नव्हते. तरी पैसा आपल्या नावावर ठेवायचा नाही, विश्वस्त नेमायचे, कारभार त्यांच्याकडे द्यायचा, ही रीत त्यांनी सांभाळली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. १९५२ मध्ये गाडगे महाराज मिशन स्थापन झाले. आपल्या नात्यातल्या कोणालाही या संस्थांवर हक्क सांगता येऊ नये, हा त्यांचा कटाक्ष होता. आपण कोणाचे गुरू नाही आणि आपला कोणी शिष्य नाही, असेही ते बजावत. पाया पडायला येणाऱ्यावर काठी उगारत.

या सगळ्याला आपण 'वैराग्य' म्हणतो आणि पुढे जातो. मला त्यात कारभाराची अक्कल दिसते. वारस नाही, शिष्य नाही, गादी नाही, मठ नाही, असे झाले की संस्थेत भांडण लागायच्या निम्म्या वाटा बंद होतात. बाबांनी आपला स्वभाव नियमात उतरवला. ते २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगावला पेढी नदीच्या परिसरात वाटेतच गेले, तेव्हा त्यांच्यामागे वाटून घ्यावे असे काही नव्हते. चालवावे असे मात्र पुष्कळ होते.

यावर एक आक्षेप येऊ शकतो. कारभार नियमाने चालणार असेल तर व्यक्तीचे चारित्र्य हवे कशाला? विश्वस्त कायदा आहे, धर्मादाय आयुक्त आहेत, दरसाल हिशेब तपासणी आहे, विश्वस्त बदलले की चेंज रिपोर्ट दाखल करावा लागतो. आक्षेप वजनदार आहे. पण कायदा कमीत कमी किती ते सांगतो. बायको, मुलगा, मेहुणा आणि घरचा मुनीम यांचे विश्वस्त मंडळ कायद्याने चालते. हिशेब चोख ठेवून संस्था घरात ठेवता येते. वऱ्हाडातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी उभे राहा, अशा दोन-चार पाट्या दिसतील. त्यांतल्या बहुतेकींवर कोणता ना कोणता संत किंवा समाजसुधारक असतो. कायदा परवानगी देतो आणि लोक आग्रह करतात, अशा वेळी माणूस जे नाकारतो तिथे त्याचे चारित्र्य कामाला येते. 'डाग नसणे' या व्याख्येत हे नाकारणे बसत नाही, कारण घेतले असते तरी डाग लागला नसता.

आणखी एक गोष्ट चरित्रांत राहून गेली आहे. या नाकारण्याची किंमत एकट्या बाबांनी दिली नाही. पत्नी कुंताबाई आणि मुलींनीही दिली. नवऱ्याने उभारलेल्या धर्मशाळांत परक्या यात्रेकरूला जागा होती, पण घरच्यांनी त्या अन्नावर जगू नये हा दंडक होता. आणि कुंताबाईंचे दिवस झोपडीत गेले, असे चरित्रे कौतुकाने सांगतात. कौतुक बाबांचे. कुंताबाईंना काय वाटले, त्या कशावर जगल्या, मुलगा गेला तेव्हा त्यांच्याजवळ कोण होते, याला आपल्या चरित्रलेखनात फार थोडी जागा आहे. गोविंद त्यांचाही मुलगा होता. बाबांनी मिळालेला मान नाकारला. कुंताबाईंना नाकारण्यापुरताही मान कोणी दिला नाही. हे लिहिल्याने बाबा लहान होत नाहीत. मात्र चारित्र्य म्हणजे एका माणसाची मिळकत, ही आपली समजूत त्याने हलते. पुढाऱ्याच्या सचोटीचे बिल बहुतेक वेळा घरातले दुसरे कोणी तरी भरत असते आणि चरित्रकाराने त्याचे नाव लिहिले पाहिजे.

३

तुकडोजी महाराजांची गोष्ट वेगळी, कारण त्यांनी नेतृत्वाचा विचार स्वतःच लिहून ठेवला आहे. जन्म १९०९ चा, यावलीचा. काम गुरुकुंज मोझरीचे. १९४२ च्या चळवळीत ते तुरुंगात गेले. 'ग्रामगीता' १९५५ ची. ग्रामगीतेवर पारायणे होतात, प्रवचने होतात, परीक्षाही घेतल्या जातात. पण तिच्या रचनेकडे समीक्षेने पुरेसे लक्ष दिलेले नाही. मी इथे एकही ओवी उद्धृत करत नाही. फक्त अनुक्रमणिका वाचतो.

ग्रंथ पाच-पाच अध्यायांच्या पंचकांत लावला आहे. दुसऱ्या पंचकाचे नाव 'लोकवशीकरण'. वशीकरण हा शब्द आपल्याकडे जत्रेतल्या गंडेदोरेवाल्याचा. महाराजांनी तो उचलला आणि त्याखाली पाच अध्याय ठेवले : संसर्ग-प्रभाव, आचार-प्राबल्य, प्रचार-महिमा, सेवा-सामर्थ्य आणि संघटन-शक्ति. लोक वश करायचे असतील तर मंत्र कोणता, याचे हे उत्तर आहे आणि त्यातला क्रम महत्त्वाचा आहे.

पहिल्यांदा संसर्ग : माणूस कोणात उठतो-बसतो. मग आचार. प्रचार त्यानंतर. स्वतः महाराज खंजिरी घेऊन गावोगाव फिरलेले. प्रचाराचे मोल त्यांना कोणी शिकवायला नको होते आणि त्याचा महिमा त्यांनी मानलाही आहे. तरी त्यांनी तो आचाराच्या मागे ठेवला. त्याच्या पुढे सेवा आणि सर्वांत शेवटी संघटना. आज कोणत्याही निवडणुकीत हा क्रम कसा लागतो ते वाचकांनी स्वतःच ताडून पाहावे. आधी फलक लागतात, मग संघटना उभी राहते, मग सेवेचे कार्यक्रम होतात. संगत सोयीची असते आणि आचाराचा विषय विरोधक काढतील तेव्हाच निघतो.

या क्रमातून दुसरीही गोष्ट निघते. आचार पंचकाच्या शेवटी नाही. तो दुसरा आहे. त्याच्यापुढे अजून तीन पायऱ्या आहेत. म्हणजे नेत्याचे व्यक्तिगत शील हे महाराजांच्या लेखी मुक्कामाचे गाव नव्हते. शीलवान माणूस घरात बसून राहिला तर त्याच्या शीलाचा गावाला उपयोग नाही. त्याला लोकांत बोलावे लागेल, राबावे लागेल आणि अखेर असे काही उभे करावे लागेल की जे त्याच्या एकट्याच्या अंगावर चालणार नाही. गाडगेबाबांनी जे करून दाखवले त्याची ही जवळजवळ मांडणी आहे. आपल्या गौरवग्रंथांनी मात्र दुसऱ्या पायरीवरच आरती लावली आहे.

४

संतांची उदाहरणे दिली की एक पळवाट राहते : ते संत होते, संसारी पुढाऱ्याचे तसे नसते. म्हणून पंजाबराव देशमुखांकडे यायचे. ते संत नव्हते. २७ डिसेंबर १८९८ रोजी पापळला शेतकरी घरात जन्मले, विलायतेत शिकले, वेदवाङ्मयातील धर्माच्या विकासावर प्रबंध लिहिला, बॅरिस्टर होऊन परत आले, मंत्री झाले, केंद्रात १९५२ ते १९६२ कृषिमंत्री राहिले. सत्ता त्यांनी मागितली, मिळवली आणि वापरली.

१९२७ साली अमरावतीत अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून चळवळ सुरू झाली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीला वऱ्हाड प्रांतिक अस्पृश्य परिषद भरली. पंजाबराव या लढ्याच्या बाजूने उभे होते. त्याच नोव्हेंबरात त्यांनी विमलाबाई वैद्य यांच्याशी जातीबाहेर लग्न केले. पुढच्या वर्षी ते जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली.

या तीन गोष्टी चरित्रात तीन वेगवेगळ्या प्रकरणांत पडतात : लग्न 'वैयक्तिक जीवनात', मंदिर 'सामाजिक कार्यात', विहिरी 'राजकीय कारकिर्दीत'. त्यामुळे त्यांच्यामधली सांगड दिसेनाशी होते. एकत्र वाचल्या तर एकच गोष्ट तीन ठिकाणी केलेली दिसते. देवळापुढे जी जात नको म्हटली, ती घरातल्या लग्नात नको म्हटली आणि अधिकार हाती येताच पाणवठ्यावरही नको म्हटली. घरात, चळवळीत आणि कचेरीत एकच माप. नेत्याच्या चारित्र्याची मला सापडलेली ही सर्वांत उपयोगी व्याख्या आहे. लोक पुढाऱ्यावर विश्वास ठेवतात तो त्याच्यात एकही दोष नाही म्हणून नव्हे. उद्या तो कसा वागेल याचा अंदाज त्यांना करता येतो म्हणून. माप ठिकाणागणिक बदलणाऱ्या माणसाबद्दल तसा अंदाज करता येत नाही.

याच अमरावतीतले दादासाहेब खापर्डे आठवून पाहा. १८९७ च्या अमरावती काँग्रेसचे ते स्वागताध्यक्ष, नामांकित वकील. राहणी ऐश्वर्याची, हात सढळ. साधेपणाच्या कसोटीवर ते गाडगेबाबांच्या शेजारी उभे राहू शकत नाहीत. पण १९०८ मध्ये टिळकांना शिक्षा झाल्यावर अपिलाच्या खटपटीसाठी हा माणूस चालती वकिली सोडून विलायतेला गेला आणि दोन वर्षे तिथे राहिला. खादी, झोपडी आणि कोरडी भाकरी यांवरून चारित्र्य मोजायची सवय लागली की खापर्ड्यांची ही निष्ठा मोजणीत येत नाही. आणि उलट, पांढरेशुभ्र कपडे घालून साधी भाकर खाणारा लबाड माणूस सहज खपून जातो. साधेपणा हा चारित्र्याचा एक वेष आहे. वेष उसना मिळतो.

५

गाडगेबाबांच्या जन्माला २०२६ मध्ये दीडशे वर्षे होतात. अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला पंजाबरावांचे. स्मरणिका निघतील, लेख मागवले जातील आणि आपल्यापैकी अनेक जण ते लिहितील. त्यांतले बरेचसे लेख आधीच्या लेखांवरून लिहिले जातील, हेही आपल्याला ठाऊक आहे.

माझी मागणी लहान आहे. चरित्र लिहिताना त्या माणसाने काय सोसले एवढेच सांगू नये. त्याला काय घेता आले असते आणि त्याने ते कोणत्या तारखेला, कोणाच्या आग्रहाला न जुमानता नाकारले, ते शोधून लिहावे. विश्वस्तपत्रे, ठराववह्या, जमाखर्च हे चरित्राचे साधन मानावे. ते भाविकपणाला अडचणीचे वाटले तरी. त्याच्या निर्णयांची झळ कोणाला लागली ते लिहावे, त्यात घरातली बाई असेल तर तिचे नाव लिहावे. आणि तो गेल्यानंतर संस्थेचे काय झाले हे परिशिष्टात न ढकलता चरित्राचे शेवटचे प्रकरण म्हणून लिहावे, कारण त्याच्या चारित्र्यातले त्याच्या देहाबरोबर किती गेले आणि नियमात किती उरले, ते तिथेच कळते.

असे चरित्र कमी रडवील. पण ते एखाद्या लहान संस्थेच्या नव्या सचिवाच्या हाती पडले, तर पुढच्या सभेत मुलाचे नाव विश्वस्तांच्या यादीत घालण्याचा ठराव येईल तेव्हा, कोणी तरी हा ठराव पूर्वी नाकारला होता आणि त्यानंतरही संस्था चालली होती, एवढे त्याला माहीत असेल.